माळ्यावरचा वेबकॅम आणि विंडोज ११

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही घरी तबल्याची शिकवणी घेता, त्यातले तीन-चार विद्यार्थी ऑनलाइन शिकतात. नवा असेंबल्ड डेस्कटॉप घेतलाय, त्यात विंडोज ११ आहे आणि मॉनिटरला कॅमेरा नाही. माळ्यावर एक जुना वेबकॅम सापडला: भिंगाभोवती सहा एलईडी, वायरीवर उजेड कमी-जास्त करायचं छोटं चाक, खाली चिमटा. लावला तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘पीसी कॅमेरा’ असं नाव येतं आणि त्यावर पिवळा त्रिकोण. सीडी कधीच हरवली. ड्रायव्हर, म्हणजे विंडोज आणि कॅमेरा यांची गाठ घालून देणारा प्रोग्रॅम, शोधायला गेलात तर प्रत्येक साइट भलतंच काहीतरी डाउनलोड करायला लावते. तर या कॅमेऱ्याचा विंडोज ११ चा ड्रायव्हर कुठे मिळेल?

मी साताऱ्यात बावीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतोय. २०२० च्या जूनमध्ये शटर पुन्हा वर गेलं तेव्हा नवा वेबकॅम बाजारात मिळत नव्हता, आणि मिळालाच तर दुप्पट-तिप्पट किमतीला. त्या दिवसांत लोकांनी माळ्यावरून, कपाटातून, जुन्या सीपीयूच्या खोक्यातून काढलेले वेबकॅम पिशवीत घालून आणले, आणि त्यात तुमच्यासारखे सहा एलईडीवालेच जास्त. काही लावल्याबरोबर चालले, काही खटपटीने चालले, आणि काहींना मी हात जोडले. यातला कोणता कुठे जाणार, हे बाहेरून बघून मला आजही सांगता येत नाही. प्लॅस्टिक एकाच साच्यातलं असतं, खोक्यावरचं नाव दर खेपेला वेगळं, आणि आतली चिप त्या महिन्यात जी स्वस्त मिळाली ती.

म्हणून ‘ड्रायव्हर कुठे मिळेल’ हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा. त्याआधी या कॅमेऱ्याला वेगळा ड्रायव्हर लागतो का, हे बघायचंय. पाच मिनिटांचं काम आहे आणि पुढचं सगळं त्यावर ठरतं. ते न बघता ड्रायव्हर शोधत बसलेली माणसं मी रविवारचा अख्खा दिवस घालवून सोमवारी दुकानात आलेली पाहिलीत, येताना पीसीत तीन नको ते प्रोग्रॅम घेऊन.

आधी हे असं का झालं ते सांगतो, म्हणजे पुढच्या सूचना डोळे झाकून पाळाव्या लागणार नाहीत.

यूएसबीचा पहिला जमाना सेकंदाला १२ मेगाबिटचा होता. साधा हिशोब करू. ३२० बाय २४० चं चित्र म्हणजे ७६,८०० ठिपके. एका ठिपक्याला १२ बिट धरले आणि सेकंदाला १५ चित्रं पाठवायची म्हटली, तर १३.८ मेगाबिट होतात. म्हणजे मॉनिटरच्या कोपऱ्यात मावेल एवढं चित्रसुद्धा त्या वायरीतून जसंच्या तसं जात नव्हतं. मग प्रत्येक चिपवाल्याने चित्र दाबून पाठवायची आपापली युक्ती काढली, आणि ते पुन्हा उलगडायचं काम कॉम्प्युटरवरच्या ड्रायव्हरच्या गळ्यात घातलं. रंग जुळवणं, उजेड सांभाळणं ही कामंसुद्धा बरीचशी ड्रायव्हरच करायचा. त्या काळच्या कॅमेऱ्याची सीडी हरवली म्हणजे अर्धा कॅमेराच हरवला म्हणायचं.

पुढे ४८० मेगाबिटचा यूएसबी २.० आला आणि जागेची चणचण संपली. २००३ मध्ये यूव्हीसी नावाचं मानक ठरलं, म्हणजे यूएसबी व्हिडिओ क्लास. कॅमेऱ्याने स्वतःची ओळख कशी द्यायची, चित्र कोणत्या रूपात पाठवायचं, प्रकाश कमी-जास्त कर हे त्याला कसं सांगायचं, सगळं एका साच्यात बसवलं. विंडोजमध्ये या मानकाचा ड्रायव्हर एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ पासून, म्हणजे २००४ पासून, आयता आहे. लिनक्स ही विंडोजऐवजी वापरता येणारी फुकट प्रणाली, तिच्या कर्नेलमध्ये, म्हणजे गाभ्यात, तो २००८ मध्ये आला. जो कॅमेरा यूव्हीसी बोलतो त्याला ना सीडी लागते, ना कंपनीची साइट. वीस वर्षांचा असला तरी विंडोज ११ त्याला ओळखतं.

घोळ एवढाच, की मानक आलं म्हणून जुन्या चिपा बाजारातून गेल्या नाहीत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून तीन-चारशे रुपयांचे कॅमेरे घाऊक भावात आमच्याकडे यायचे, त्यात कितीतरी वर्षं दोन्ही प्रकार सरमिसळ असायचे. कॅमेरा २००९ मध्ये घेतला, म्हणून तो यूव्हीसीच असेल असं धरता येत नाही.

आता तुमचा कॅमेरा कोणता ते बघू. विंडोजची कळ आणि एक्स एकदम दाबा, यादीतून डिव्हाइस मॅनेजर उघडा. पिवळा त्रिकोण असलेल्या नावावर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, मग डिटेल्स. तिथे ‘प्रॉपर्टी’ नावाची उलगडणारी यादी आहे. त्यात आधी ‘हार्डवेअर आयडीज’ निवडा. व्हीआयडी आणि त्यापुढे चार अक्षरं, पीआयडी आणि त्यापुढे चार अक्षरं अशी ओळ दिसेल. व्हीआयडी म्हणजे बनवणारा, पीआयडी म्हणजे त्याचं मॉडेल. ०४६डी आलं तर लॉजिटेक, ०सी४५ आलं तर सोनिक्सची चिप, ०एसी८ आलं तर व्हिमायक्रो. सहा एलईडीवाल्यांत मला या शेवटच्या दोनच जास्त सापडल्या. ही ओळ कागदावर उतरवून ठेवा, पुढे लागेल.

पण निकाल या ओळीवरून लागत नाही. सोनिक्सने दोन्ही प्रकारच्या चिपा बनवल्यात. निकाल त्याच यादीतल्या ‘कंपॅटिबल आयडीज’मध्ये आहे. तिथे ‘क्लास’ या शब्दापुढे काय लिहिलंय ते बघा. शून्य आणि ई असेल तर कॅमेरा यूव्हीसी आहे. एफ एफ असेल तर तो स्वतःचीच भाषा बोलणारा, कंपनीचा ड्रायव्हर मागणारा. कॅमेऱ्यातच यूएसबी माइक असेल तर एकाच वायरीवर दोन-तीन नावं दिसतात आणि वर ‘कंपोझिट डिव्हाइस’ असतं. तेव्हा त्या वरच्याला सोडा, खालचं चित्राचं नाव पकडा.

शून्य-ई निघालं, तर खरं म्हणजे त्रिकोण यायलाच नको होता. तरी येतो, आणि मी पाहिलेली कारणं मोजकीच आहेत.

एक म्हणजे कुणीतरी आधी हौसेने भलताच ड्रायव्हर घातलेला असतो. नव्या पीसीवर तुम्ही एव्हाना दोन-तीन सेटअप चालवून पाहिले असतील, तर हीच शक्यता मोठी. इलाज सोपा आहे. त्या नावावर उजवं क्लिक, अपडेट ड्रायव्हर, ‘ब्राउझ माय कॉम्प्युटर’, मग खालचा ‘लेट मी पिक’. यादीत ‘यूएसबी व्हिडिओ डिव्हाइस’ दिसेल. तेच निवडा, दुसरं काही नको. विंडोजचा स्वतःचा ड्रायव्हर बसतो आणि बहुतेक वेळा तिथल्या तिथे चित्र येतं.

दुसरं कारण वीज आणि वायर. त्रिकोणाच्या जनरल टॅबमध्ये कोड १० किंवा ४३ दिसत असेल तर मी आधी सॉफ्टवेअरला हातच लावत नाही. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टमधून काढून मागच्या पोर्टला लावतो, मदरबोर्डच्या थेट. मध्ये हब किंवा एक्स्टेन्शन वायर नको. मागे काळे आणि निळे असे दोन रंगांचे पोर्ट असतील तर जुना कॅमेरा काळ्यात लावून बघा. निळा यूएसबी ३ चा, आणि काही जुन्या कॅमेऱ्यांचं त्याच्याशी जमत नाही. आणि तुमच्या कॅमेऱ्याचं ते चाक! त्या चाकाची प्लॅस्टिकची डबी हा या कॅमेऱ्यांचा सगळ्यांत कच्चा दुवा. वायर तिथे कापून, आत सोल्डर करून पुढे नेलेली असते. वर्षानुवर्षं गुंडाळून ठेवली की तिथलीच तार सुटते. एकदा मी ती डबी उघडली तर हिरवी डेटाची तार टाक्यावरून निघून नुसती टेकलेली होती. डबी दाबून धरली की चित्र, सोडली की अंधार. गिऱ्हाईक दोन महिने ड्रायव्हर बदलत होतं. तुमच्या कॅमेऱ्याचे एलईडी लागतायत म्हणून वायर ठीक आहे असं समजू नका. एलईडीला फक्त वीज पुरते, चित्राला डेटाच्या दोन्ही तारा लागतात.

तिसरं कारण इतकं साधं की सांगायला संकोच वाटतो. त्रिकोण गेला, तरी गूगल मीटमध्ये चित्र काळं. सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, त्यात कॅमेरा. तिथली परवानगीची बटणं बघा. सगळ्यांत खाली ‘डेस्कटॉप अ‍ॅप्स’साठी वेगळं बटण आहे, ते लोकांच्या नजरेतून सुटतं. ब्राउझर आणि झूम त्याच बटणाखाली येतात.

आता एफ एफ निघालं तर. तुमच्या वर्णनावरून माझा अंदाज इकडेच झुकतो, कारण यूव्हीसी कॅमेरा सहसा लावल्याबरोबर बसतो. अंदाज चुकला तर मला आनंदच होईल.

इथे तीन भिंती आहेत, आणि त्या एकामागे एक येतात.

पहिली ३२ आणि ६४ बिटची. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं. ६४ बिटचं विंडोज ३२ बिटचा ड्रायव्हर आत घेतच नाही, मग तुम्ही काहीही करा. एक्सपीच्या काळच्या बहुतेक सीड्यांवर ३२ बिटचाच ड्रायव्हर असायचा. सेटअपवर उजवं क्लिक करून ‘कंपॅटिबिलिटी मोड’मध्ये एक्सपी निवडा, असा सल्ला तुम्हाला कुणीतरी दिला असेल. त्याने सेटअप प्रोग्रॅम फसतो, ‘इन्स्टॉल झालं’ असंही म्हणतो. ड्रायव्हर मात्र विंडोजच्या कर्नेलच्या, म्हणजे गाभ्याच्या, दारातच अडतो. माझ्याकडे येणाऱ्यांतले निम्मे इथेच अडकलेले असतात, आणि ‘इन्स्टॉल तर झालंय हो’ म्हणत येतात.

या भिंतीला एक दार आहे. व्हिस्टा आणि विंडोज ७ च्या काळात काही चिपवाल्यांनी ६४ बिटचे ड्रायव्हर काढले होते. कॅमेऱ्याच्या ड्रायव्हरची मूळ रचना तेव्हापासून फारशी बदललेली नाही, त्यामुळे विंडोज ७ चा ६४ बिट ड्रायव्हर विंडोज ११ वर चालण्याची शक्यता चांगली असते. शोधायचं ते ‘विंडोज ११ ड्रायव्हर’ असं नाही. तुमच्या चिपचा विंडोज ७ चा ६४ बिट ड्रायव्हर शोधायचा. त्यासाठी पहिली जागा मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉग. तिथल्या शोधपेटीत ती कागदावर उतरवलेली व्हीआयडी-पीआयडीची ओळ टाका. असेल तर तिथला ड्रायव्हर निर्धास्त घ्या. नसेल तर कॅमेऱ्यावर नाव असलेल्या कंपनीच्या साइटवरचा जुन्या मालाचा विभाग. ‘तुमच्या पीसीतले १७ ड्रायव्हर कालबाह्य आहेत’ म्हणणाऱ्या प्रोग्रॅमच्या वाटेला जाऊ नका. तुमचा कॅमेरा काय आहे हे त्याला माहीत नसतं, तुमच्या कार्डाचा नंबर मात्र त्याला हवा असतो.

फाइल मिळाली की सेटअप चालवायची घाई करू नका. ७-झिप या फाइली उलगडणाऱ्या प्रोग्रॅमने ती उघडून वेगळ्या फोल्डरमध्ये सोडा आणि आत ‘आयएनएफ’ या शेपटीची फाइल शोधा. ती नोटपॅडमध्ये उघडते. दोन गोष्टी बघायच्या. तुमच्या व्हीआयडी-पीआयडीची जोडी तिथे आहे का, आणि वरच्या भागात ‘एनटी’ला जोडून ‘एएमडी६४’ असं लिहिलंय का. तुमचा प्रोसेसर इंटेलचा असला तरी हीच अक्षरं लागतात. ६४ बिटची ही पद्धत एएमडीने आधी आणली म्हणून ते नाव पडलं, एवढंच. दोन्ही सापडलं तर आशा आहे. नुसतं ‘एक्स८६’ असेल तर फाइल बंद करा, वेळ वाचला. आशा असेल तर पुन्हा अपडेट ड्रायव्हर, ‘लेट मी पिक’, आणि या खेपेला ‘हॅव डिस्क’ दाबून ती आयएनएफ दाखवा. जुना सेटअप विंडोजची आवृत्ती बघून नकार देतो. या वाटेने गेलात की तो मधे येत नाही.

दुसरी भिंत सहीची, म्हणजे ड्रायव्हर कुणी बनवला हे पटवणाऱ्या डिजिटल सहीची. ६४ बिट विंडोज सही नसलेला कर्नेल ड्रायव्हर चढवत नाही, हा नियम व्हिस्टापासूनचा. विंडोज १० च्या २०१६ मधल्या आवृत्तीपासून तो आणखी कडक झाला, पण २९ जुलै २०१५ च्या आधीच्या प्रमाणपत्रावर सही झालेल्या जुन्या ड्रायव्हरांना सूट ठेवली. म्हणून विंडोज ७ चा ड्रायव्हर अजून चालू शकतो. सही नसेल तर कोड ५२ दिसतो. यावर यूट्यूबवर तोडगा सांगतात, की चालू होताना येणाऱ्या मेनूत सात नंबरचा पर्याय निवडून सहीची तपासणी बंद करा. ती त्या एका वेळेपुरतीच बंद होते. दुसऱ्या दिवशी पीसी चालू केला की कॅमेरा पुन्हा गायब. कायमचा ‘टेस्ट मोड’ लावायचा तर बायॉसमध्ये, म्हणजे पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये, सिक्युअर बूट ही चालू होतानाची सुरक्षा तपासणी बंद करावी लागते. ज्या पीसीवर तुम्ही विद्यार्थ्यांची फी जमा झाली का बघायला बँकेची साइट उघडता, तिथे मी हे करत नाही. गिऱ्हाइकाने आग्रह धरला तरी करत नाही.

तिसरी भिंत ‘मेमरी इंटिग्रिटी’ची, म्हणजे कर्नेलमध्ये शिरणारा प्रत्येक ड्रायव्हर तपासणाऱ्या सुरक्षेची. विंडोज सिक्युरिटीत ‘डिव्हाइस सिक्युरिटी’, त्यात ‘कोअर आयसोलेशन’मध्ये ती असते. नव्या पीसीवर ती बहुधा आधीपासून चालू असते आणि सही बरोबर असलेल्या जुन्या ड्रायव्हरलाही अडवू शकते. तेव्हा कोड ३९ दिसतो. ती बंद केली तर कॅमेरा चालेलही. करावी का, हे तुम्ही ठरवायचं. वेगळा, फक्त शिकवणीचा पीसी असता तर मी कदाचित हो म्हटलं असतं. घरच्या एकुलत्या एक पीसीवर नको.

इथवरचं डोक्यात ठेवायला दोन ओळी: शून्य-ई असेल तर विंडोजचा स्वतःचा ड्रायव्हर, मागचा पोर्ट आणि परवानगीची बटणं. एफ एफ असेल तर विंडोज ७ चा ६४ बिट ड्रायव्हर मिळाला तरच पुढे, नाहीतर विंडोजपुरता विषय संपला.

एक मधलीच अवस्था असते, ती सांगायची राहिली. ड्रायव्हर बसतो, त्रिकोण जातो, पण विंडोजच्या कॅमेरा अ‍ॅपला काही दिसत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये तो ‘कॅमेराज’ऐवजी ‘इमेजिंग डिव्हाइसेस’खाली बसलेला असतो. जुने ड्रायव्हर डायरेक्टशो नावाच्या जुन्या वाटेने चित्र देतात, कॅमेरा अ‍ॅप नव्या वाटेने मागतं. दोघांची गाठच पडत नाही. अशा वेळी व्हीएलसी प्लेअर उघडा, मीडिया मेनूत ‘ओपन कॅप्चर डिव्हाइस’, तिथे कॅमेरा निवडा. चित्र आलं तर कॅमेरा जिवंत आहे. मग ओबीएस हा फुकट प्रोग्रॅम घ्या, त्यात ‘व्हिडिओ कॅप्चर डिव्हाइस’ म्हणून हा कॅमेरा जोडा आणि ‘स्टार्ट व्हर्च्युअल कॅमेरा’ दाबा. झूम किंवा मीटमध्ये कॅमेरा म्हणून ओबीएस निवडा. एक टप्पा वाढतो, पण काम होतं. २०२० मध्ये असे काही कॅमेरे मी चालवून दिलेत.

शोधताना रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदवहीत, ‘फ्रेम सर्व्हर’ बंद करायचा एक तोडगाही तुम्हाला सापडेल. ऑगस्ट २०१६ च्या विंडोज १० अपडेटनंतर चांगले चालणारे कॅमेरेही गोठायला लागले होते, तेव्हाचा तो उपाय. तुमच्या पिवळ्या त्रिकोणाशी त्याचा काही संबंध नाही.

विंडोजने नाही म्हटलं तरी एक वाट उरते, आणि मला ती आवडते: लिनक्स. तिथे जीएसपीसीए नावाचा ड्रायव्हरांचा संच आहे. या स्वतःची भाषा बोलणाऱ्या चिपांची बोली हौशी लोकांनी बसून उलगडली, आणि २००८ पासून तो संच कर्नेलचाच भाग आहे. सोनिक्स, व्हिमायक्रो, पिक्सार्ट, लॉजिटेकच्या जुन्या क्विककॅम, बरेच कॅमेरे त्यात आहेत. जो कॅमेरा त्याच्या कंपनीने सोडून दिला तो तिथे अजून चालतो. करून बघायला पैसे लागत नाहीत. आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट ही लिनक्सची सोपी आवृत्ती टाका, पीसी त्यावरून चालू करा, ‘इन्स्टॉल’ न करता नुसतं वापरून बघा. तुमचं विंडोज जागच्या जागी राहतं. तिथे चीज नावाचा प्रोग्रॅम उघडून चित्र येतं का बघा. एवढं मात्र लक्षात घ्या, की चीजमध्ये चित्र आलं म्हणजे ब्राउझरमध्ये येईलच असं नाही. या चिपांचं दाबलेलं चित्र उलगडायला मधे एक लायब्ररी लागते, आणि ब्राउझर तिला विचारेलच असं नाही. ते जोडून देता येतं, पण त्यात टर्मिनल, म्हणजे हुकूम टाइप करत बसणं, आलं. माळ्यावर जुना पीसी किंवा लॅपटॉप पडून असेल तर त्यावर मिंट टाकून हा कॅमेरा त्यालाच लावणं हा माझ्या मते या कॅमेऱ्याचा सगळ्यांत चांगला शेवट.

विंडोजमध्येच व्हर्च्युअल मशिन, म्हणजे पीसीच्या आत आभासी पीसी, करून त्यात एक्सपी टाकायचं, असंही कुणी सुचवेल. मी एकदा निव्वळ खुमखुमी म्हणून केलं होतं. चित्र आलं, पण हात हलला की चित्र सावकाश मागून यायचं. तबल्याला ते कसं चालणार?

तबल्यावरून आठवलं. हा कॅमेरा चालू झाला तरी तुमच्या कामाला पुरेल का, हेही विचारात घ्या. खोक्यावर २५ मेगापिक्सेल छापलेलं असलं तरी आत बहुधा ६४० बाय ४८० चा सेन्सर असतो, म्हणजे तीन लाख ठिपके. बाकीचे सॉफ्टवेअर फुगवून दाखवतं. आणि उजेड कमी पडला की हे कॅमेरे एकेक चित्र जास्त वेळ उघडं ठेवतात, सेकंदाला सात-आठ चित्रांवर येतात. द्रुत लयीतल्या तिरकिटला सेकंदाला आठ बोल धरले, तर एका बोलाला जेमतेम एक चित्र. विद्यार्थ्याला बोटं दिसणार नाहीत, चाटेवर नुसता फराटा दिसेल. चेहरा दाखवून गप्पा मारायला हा कॅमेरा चालतो. चाट आणि लव यांतलं बोटाचं अंतर दाखवायला तो अपुरा पडेल, असं मला वाटतं.

म्हणून तुमच्या जागी मी असतो तर असं केलं असतं: चेहऱ्यासाठी हा कॅमेरा चालतोय का ते पाच मिनिटांत बघितलं असतं, आणि हातांसाठी मोबाइल लावला असता. घरात चार-पाच वर्षांपूर्वीचा अँड्रॉइड फोन असेल तर त्याचा मागचा कॅमेरा या वेबकॅमच्या कितीतरी पुढे आहे. अँड्रॉइड १४ पासून काही फोन यूएसबीने जोडले की सरळ ‘वेबकॅम’ असा पर्याय देतात. तुमच्या फोनमध्ये तो नसेल तर ड्रॉइडकॅमसारखं अ‍ॅप आहे. फोन स्टँडवर तिरका, तबल्याच्या वरून धरा. तासभर चार्जिंगला लावून वापरला की तापतो, तेव्हा कव्हर काढून ठेवा. खर्च करायचाच असेल तर दीड-दोन हजारांत ७२०पी चित्राचा साधा यूव्हीसी वेबकॅम येतो. घेताना ‘ड्रायव्हर सीडी सोबत’ असं लिहिलेला घेऊ नका.

कॅमेरा चालला असं धरून तीन बारीक गोष्टी.

चित्रावर आडवे पट्टे वर-खाली सरकत असतील तर कॅमेरा बिघडलेला नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते. कॅमेरा आतून ६० हर्ट्‌झवर लावलेला असतो. ओबीएसमध्ये त्या कॅमेऱ्याच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘कॉन्फिगर व्हिडिओ’ दाबा, तिथे ‘पॉवरलाइन फ्रीक्वेन्सी’ ५० करा. पट्टे थांबतात.

चित्र धूसर असेल तर भिंगाभोवतीचं कडं हाताने फिरवा. हे कॅमेरे आपोआप फोकस करत नाहीत, आणि कितीतरी लोकांना ते कडं फिरतं हेच माहीत नसतं. फिरवूनही दुधाळ दिसत असेल तर टॉर्चच्या उजेडात भिंग तिरकं धरून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या तर ती बुरशी. आमच्याकडच्या पावसाळ्यात माळ्यावर राहिलेल्या भिंगांना ती धरते. बाहेरून धरली असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या ओल्या बोळ्याने निघते. आतून असेल तर सोडून द्या.

आणि माइक. तुमच्या कॅमेऱ्याला यूएसबीशेजारी एक गुलाबी, गोल पिनची वायर लटकत असेल, तो माइक. डेस्कटॉपच्या मागे गुलाबी भोक असतं, तिथेच लावा. पुढच्या बाजूला हेडफोन-माइकचं एकत्र भोक असेल तर त्यात ही पिन बोलत नाही. खरं तर तबल्यासाठी तो माइक वापरूच नका, डग्ग्याचा घुमारा त्याच्यात फाटतो. आणि झूम वापरत असाल तर आवाजाच्या सेटिंगमध्ये ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ चालू करा. नाहीतर झूम तबल्याला गोंगाट समजून दाबतं आणि विद्यार्थी म्हणतो, ‘सर, आवाज मधेमधे जातोय.’

त्रिकोण हललाच नाही तर मला दोनच गोष्टी लिहून पाठवा: कंपॅटिबल आयडीजमधली पहिली ओळ आणि जनरल टॅबमधला कोड नंबर. कॅमेऱ्याचा फोटो नको, त्यावरून मला काही कळणार नाही.